पसंतीचा पंप

रोहण्याच्या पुंडलिकरावांची गाडी दुपारी बंद पडायची आणि तासाभराने आपोआप चालू व्हायची. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावला असता. पुंडलिकराव सीट मागे टाकायचे आणि डोळे मिटायचे. वांगी-मेथी विकून घेतलेली, आधीचे दोन मालक पाहून आलेली ती गाडी त्यांना बंद असतानाच जास्त आवडायची, असं गावात लोक म्हणत. लोकांचं काय!

पण गोपिकाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. लग्नाला तीस वर्षं झाली, तळेगावला माहेरी त्या दर वेळी एसटीनेच गेल्या. यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांना स्वतःच्या गाडीतून, पुढच्या सीटवर बसून जायचं होतं. कारण त्यांचा भाऊ मोतीलाल साऱ्या पाहुण्यांसमोर म्हणाला होता, "भाऊजीची गाडी म्हंजे पोळ्याचा बैल. वर्षातून एकदा सजवाची, गावात फिरवाची, अन् पुन्हा ठाणावर बांधाची!"

"यंदा मी त्याच्या दारात गाडीतून उतरली नाई, त माहेराचं नाव घेनार नाई," गोपिकाबाईंनी जाहीर केलं.

गावच्या मुकेश मिस्त्रीने बोनेट उघडलं, मान हलवली. "काका, पेट्रोलचा पंप गेला. हा काढून देतो, नमुना म्हून आर्वीले घेऊन जा. अस्साच आणजा."

आर्वीच्या दुकानात गजेंद्रने तीन पंप पुढे ठेवले. छिद्रं जुळतात का ते बघायला जुना पंप पेट्रोलने घासून धुतला आणि तोही शेजारी ठेवला. "तिन्ही बसतात, काका. पसंत करा."

बस्स, पसंत करा म्हटलं आणि पुंडलिकरावांची समाधी लागली. पहिला पंप त्यांनी तळहातावर घेतला, डोळे मिटले. गाडी तळेगावात शिरली खरी, पण गोपिका मागच्या सीटवर! छे. दुसरा घेतला, तर गाडी बरोबर मोतीलालच्या दारात बंद पडली. तिसरा घेतला आणि काय सांगावं! दार उघडलं, हिरव्या लुगड्यातली गोपिका हळूच उतरली, मोतीलालचा आ वासलेला. वारा सुटला होता, कुठूनतरी आंब्याचा वास येत होता. पुंडलिकराव हसू लागले.

"काका, पंप घ्याले आले का पोरगी पाहाले?"

"हाच!" पुंडलिकराव दचकून म्हणाले. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. त्यांनी हातातला पंप खाली ठेवून पैसे मोजले, समोरचा चकचकीत पंप पिशवीत टाकला आणि पळत सुटले.

संध्याकाळी मुकेशने तो बसवला. गाडी एका झटक्यात चालू झाली. "वा काका! काय निवडला! जसा याच गाडीसाठी जन्माले आला." पुंडलिकरावांची छाती फुगली.

अखाजीला निघायला अकरा वाजले. आर्वी मागे पडली. गोपिकाबाई पुढे बसून गुणगुणत होत्या. आणि एका निंबाजवळ गाडीने दोन आचके दिले आणि थांबली.

त्याच वेळी पुंडलिकरावांचा फोन वाजला. दुकानातून गजेंद्र बोलत होता. "काका, नवा पंप त इथंच राह्यला! मी धुतलेला जुनाच तुमी घेऊन गेले!"

गोपिकाबाईंनी सगळं ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. "तुमच्या स्वप्नाले काय आग लावू? तिकडं मोत्या वाट पाहून राह्यला असन."

"चुकलं माह्यं," पुंडलिकराव म्हणाले. त्यांना खरोखरच रडू येत होतं.

दोघं निंबाखाली बसली. उन्हाने पुंडलिकरावांचं डोकं चढलं, तसा बाईंनी त्यांच्याच खांद्यावरचा दुपट्टा बाटलीतल्या पाण्याने भिजवून त्यांच्या डोक्याला गुंडाळला. बऱ्याच वर्षांनी दोघं काही काम नसताना शेजारी बसली होती. निंबाचा वारा लागत होता. बाई लहानपणीच्या विहिरीचं काहीतरी सांगत राहिल्या, पुंडलिकराव अर्धवट झोपेत हुंकार देत राहिले.

"बरं वाटते का आता?"

"थंड झालं डोकं."

बाई एकदम उठल्या. "मंग हिचंच डोकं कायले तापत ठेवलं? दुपारीच बंद पडते नं हे? ऊनच लागत असन!" त्यांनी नवऱ्याच्या डोक्याचा दुपट्टा काढला, पुन्हा भिजवला, बोनेट उघडून पंपाला गुंडाळला. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली. गाडी चालू! पंपाला झालं काहीच नव्हतं. विदर्भातल्या उन्हात आत पेट्रोलची वाफ होत होती, एवढंच. मिस्त्री, दुकानदार, मालक, तिघांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं.

वाटेत दोनदा दुपट्टा भिजवत गाडी तळेगावात मोतीलालच्या दारात जाऊन थांबली. गोपिकाबाई पुढच्या सीटवरून हळूच उतरल्या. पंप गेल्याचं मोतीलालच्या कानावर आलं होतं. त्याने इंजिनचा आवाज ऐकला. "भाऊजी, पंप नवा दिसते!"

"हो," गोपिकाबाई म्हणाल्या. "यायनं लय मन लावून निवडला."

आमरस झाला, साडीचोळी झाली, कौतुक झालं. उन्हं उतरल्यावर दोघं परत निघाली. हवा गार झाली होती, गाडी पाण्यासारखी चालली होती. तो निंब दिसला तशा गोपिकाबाई म्हणाल्या, "थांबवा जरा."

"काऊन? बरोबर चालून राह्यली नं!"

"तापली असन," समोर बघत त्या म्हणाल्या. "घंटाभर बसू."