पोकळ बेहड्याचा शोधनिबंध

एका जंगलात, मुलांनो, पानांपेक्षा कागद जास्त झाले होते.

त्याचं कारण तिथला राजा. सिंहमहाराजांना एकदा कुणीतरी चुकीची खबर दिली आणि त्यांची शिकार हुकली. महाराज भडकले. त्यांनी दवंडी पिटवली, "यापुढे 'अरण्यशोध' या नियतकालिकात छापून येईल तेवढंच खरं. बाकी सगळं ऐकीव."

जंगल एकदम शिस्तीत आलं. एक हरीण "वाघ आला, वाघ आला" असं ओरडत पळत सुटलं, तर ससे म्हणाले, "संदर्भ?" हरीण स्वभावाने भलं होतं. ते संदर्भ द्यायला थांबलं. त्याचं पुढे काय झालं हे अजून छापून आलेलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

या 'अरण्यशोध'चं कार्यालय होतं मोठ्या बेहड्यावर. जंगलातलं सगळ्यांत जुनं झाड. वरच्या बेचक्यात संपादक बसायचे, घूकशास्त्री नावाचं घुबड. खालच्या फांदीवर एका पायावर उभे असायचे टिपणीस नावाचे एक बगळे. त्यांच्याकडे मांडणी तपासण्याचं काम होतं. बाकी फांद्यांवर पोपट, खारी, साळुंक्या आणि त्यांची लेकरंबाळं. झाड कसं भरलेलं होतं.

याच बेहड्याच्या खोडात टोचूराव नावाचे सुतारपक्षी बायकोसह राहत. बायकोचं नाव सगुणा.

एका सकाळी टोचूरावांनी नेहमीसारखी खोडावर चोच मारली. आवाज 'टक' असा यायला हवा होता. तो आला 'ढब'. वर जाऊन मारली, ढब. खाली येऊन मारली, ढब. पलीकडच्या बाजूने मारली तर चोच थेट आत गेली आणि आतून वाळवीने विचारलं, "कोण पाहिजे?"

झाड आतून संपलं होतं. आज ना उद्या ते पडणार आणि सगळी पिल्लं त्याखाली सापडणार.

सगुणा तशीच उठून फांदीफांदीवर सांगत सुटली. पण पोपट म्हणाले, "छापून आलंय का?" खारी म्हणाल्या, "आम्ही वाचल्याशिवाय हलत नाही."

"मग छापून आणा," सगुणा नवऱ्याला म्हणाली. "अहो, एका ओळीचं तर काम आहे."

टोचूरावांनी एका ओळीचा शोधनिबंध लिहिला. 'मोठा बेहडा आतून पोकळ झाला आहे, लवकरच पडेल, सगळ्यांनी बाहेर पडा.' तो घेऊन ते टिपणीसांकडे गेले.

टिपणीसांनी कागद दुरून पाहिला. मजकूर त्यांनी वाचला नाही. तो वाचणं त्यांच्या कामात बसत नव्हतं.

"समास कुठाय?" ते म्हणाले.

"काय कुठाय?"

"कोरी जागा. चारही बाजूंना माझ्या पंखाएवढी कोरी जागा हवी. काठाला चिकटून लिहिलेलं मला खपत नाही. शिवाय सारांश नाही, बीजशब्द नाहीत, संदर्भसूची नाही."

"पण एकच ओळ आहे. तिचा सारांश काय करू?"

"आधी निबंध मोठा करा. मग तो लहान करून सारांश लिहा."

टोचूराव घरी आले आणि कामाला लागले. बेहड्याचा इतिहास लिहिला. बेहड्याचं सांस्कृतिक महत्त्व लिहिलं. 'पडणे' या क्रियेच्या व्याख्या दिल्या. संदर्भसूचीपाशी मात्र गाडी अडली. झाड पोकळ आहे असं याआधी कुणी लिहिलंच नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'वाळवी, प्रत्यक्ष संभाषण'. वाळवीने आभार मानले आणि कागदाचा कोपरा खाल्ला. टोचूरावांनी पुन्हा लिहून काढलं.

निबंध परीक्षकांकडे गेला. परीक्षक कोण, हे गुप्त असतं बरं का, मुलांनो. पण अभिप्राय खालून वर लिहिलेला आला, तेव्हा तो वटवाघळाचा आहे हे सगळ्यांना कळलं आणि कुणालाच न कळल्यासारखं सगळे वागले.

परीक्षकांनी लिहिलं होतं, 'निष्कर्ष आधी आणि प्रस्तावना शेवटी आली आहे. सर्व आकृत्या उलट्या छापल्या आहेत. झाड खाली पडेल असं लेखक म्हणतात. माझ्या पाहणीनुसार ते वर पडेल.'

टोचूराव संतापायला हवे होते. पण खरं सांगू का? त्यांना मजा यायला लागली होती. समास आखताना त्यांची तंद्री लागायची. निबंधाला आता पंधरवडा लोटला होता आणि ते घरीही मांडणी करू लागले होते. एक दिवस सगुणाने आळ्या वाढल्या, तर म्हणाले, "अगं, या वर्णानुक्रमे नाहीत."

सगुणाने कपाळावर पंख मारून घेतला. "अहो, आपलं झाड पडतंय."

"पडतंय ना. चौथ्या प्रकरणात घेतलंय मी ते."

शेवटी घूकशास्त्रींनी त्यांना बोलावलं. "टोचूराव, निबंध देखणा झालाय. फक्त दोन किरकोळ दुरुस्त्या. लेखकाची ओळख कुठूनही कळता कामा नये. बेहडा म्हटलं की बेहड्यावर राहणारा सुतारपक्षी कोण, हे लगेच कळतं. तेव्हा बेहडा काढून टाका. 'एक विशिष्ट वृक्ष' लिहा."

"आणि दुसरी?"

"'सगळ्यांनी बाहेर पडा' ही भाषा शोधनिबंधाची नव्हे. ही ओरडण्याची भाषा झाली. तिथे असं लिहा, 'बाहेर पडण्याच्या शक्यतेवर अधिक संशोधन होणे आवश्यक आहे.'"

टोचूरावांची तंद्री खाडकन उतरली. "पण शास्त्रीबुवा, तुम्ही याच झाडावर बसला आहात."

"मी कुठे बसलोय हा तुमच्या निबंधाचा विषय नाही."

टोचूरावांना फार वाईट वाटलं. अख्ख्या निबंधात कामाचा शब्द एकच होता आणि तोच खोडायचा होता. पण काहीच न छापण्यापेक्षा काहीतरी छापलेलं बरं, असं मनाला समजावून त्यांनी बेहडा खोडला.

अंक निघाला. बेहड्यावरच्या सगळ्यांच्या त्याच्यावर उड्या पडल्या. "अरेरे, कुठलंसं झाड पडणार म्हणे," पोपट म्हणाले. "बिचारे तिथले रहिवासी," खारी म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी दोन अक्रोड बाजूला काढून ठेवले. इतक्यात खोड करकरलं. घूकशास्त्री म्हणाले, "शांतता. वाचन चाललंय."

निबंधाला उत्कृष्ट मांडणीचा पुरस्कार जाहीर झाला. टोचूराव मान खाली घालून घरी आले.

"अगं, मी त्यांना वाचवू शकलो नाही," ते म्हणाले. "माझा समास मात्र सरळ आलाय."

सगुणा पुन्हा फांदीफांदीवर गेली. या वेळी झाडाचं नाव तिने काढलंच नाही. ती एवढंच म्हणाली, "पुरस्कार समारंभाला जांभळं आहेत. लेकरांना घेऊन या."

कुणीही संदर्भ विचारला नाही.

समारंभ समोरच्या माळावर होता. झाडावर एक पिल्लूही उरलं नाही. जागा टिपणीसांनी स्वतः आखली होती. मंडळी झाडाच्या सावलीत टेकणार, तेवढ्यात ते कडाडले, "मागे सरा. काठाला चिकटून बसलेलं मला खपत नाही. चारही बाजूंना कोरी जागा सोडा." सगळे मागे सरले. आणखी मागे सरले.

टोचूरावांच्या गळ्यात हार पडला आणि मागोमाग बेहडा पडला. धाडकन पडला, आणि बरोबर समासात पडला. शेवटचं पान टिपणीसांच्या पायाला लागलं, पण कुणाला खरचटलंही नाही.

धूळ बसल्यावर पिल्लांनी विचारलं, "जांभळं कुठायत?"

समारंभाला आलेले सिंहमहाराज गदगदले. त्यांनी तिथल्या तिथे टिपणीसांना 'वनरक्षक' ही पदवी दिली. "समासाने प्राण वाचवले," ते म्हणाले, आणि तो गौरव पुढच्या अंकात घेण्याची आज्ञा झाली.

"अहो, माझे यजमान कधीचे सांगत होते, बेहडा पडणार म्हणून," सगुणा म्हणाली.

घूकशास्त्रींनी अंक उघडून वरपासून खालपर्यंत पाहिला. "बेहडा हा शब्द इथे कुठेच नाही, बाई." मग ते उडाले आणि आडव्या पडलेल्या झाडाच्या त्याच बेचक्यात जाऊन बसले. वाळवीने आतून नमस्कार केला. शास्त्रीबुवांनी घसा साफ करून निवेदन वाचलं, "मोठा बेहडा पडला आहे, असं काहींचं मत आहे. या विषयावर शोधनिबंध मागवत आहोत."

टोचूरावांची चोच आपोआप उघडली. समास किती, हेच ते विचारणार होते. सगुणाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी चोच मिटली, गळ्यातला हार काढून ठेवला आणि तिच्या मागोमाग पिल्लांसाठी खरीखुरी जांभळं शोधायला निघाले.

तात्पर्य: खरं सांगायचं असेल, तर चारही बाजूंना भरपूर कोरी जागा सोडावी. जीव वाचवायचे असतील, तर जांभळं आहेत म्हणून सांगावं.