फर्निचरवाल्याचा हायफन

छापखान्यातल्या अविवाहित प्रूफरीडरना सगळे हायफनराव म्हणायचे, आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान! "इंग्रजी जोडविशेषणात हायफन कुठे द्यायचा, ते मला विचारा!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. फक्त खिडकीबाहेर ढग दिसले, की पेन कागदावर राही आणि हायफनराव ढगांबरोबर निघून जात.

अशाच एका दुपारी जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याचं कार्ड त्यांच्या नजरेखालून तरंगत गेलं. आठवड्यानं व्यापारी धापा टाकत हजर!

"अहो, माझं जुळत आलेलं लग्न मोडतंय!"

"कार्डामुळे?"

"मुलगी इंग्रजीची शिक्षिका आहे. विचारते, वय अडतीस सांगता आणि कार्डावर म्हातारे कसे?"

हायफनरावांनी कार्ड पाहिलं. 'ओल्ड फर्निचर डीलर'! 'ओल्ड' आणि 'फर्निचर' हायफननं जोडले असते, तर फर्निचर जुनं ठरलं असतं. आता डीलरच जुना झाला होता.

त्यांनी तातडीनं नवं कार्ड छापलं आणि माफीच्या चिठ्ठीसकट व्यापाऱ्याच्या हाती तिच्याकडे धाडलं. या वेळी कसर नको म्हणून हायफन मुठीनं पेरले होते. 'न्यूली-पेंटेड' खुर्च्यासुद्धा सुटल्या नाहीत!

कार्ड परत आलं. त्यावर लाल शाईत टपोरं अक्षर: 'ली'नं संपणाऱ्या क्रियाविशेषणापुढे हायफन देत नाहीत.

खरं तर चिडायचं. पण हायफनराव त्या लाल अक्षरांकडे मावळतीचं आभाळ बघावं तसे बघत राहिले. इतक्या हळुवारपणे त्यांची चूक आजवर कुणी काढली नव्हती!

मग चिठ्ठ्याच सुरू झाल्या. यांनी शंका विचारावी, तिनं लाल शाईत निरसन करावं. ने-आण व्यापारी करी, बिचारा शाळेत तासभर उत्तराची वाट बघत बसे. हायफनराव इकडे जमिनीपासून वीतभर वर चालत. महिन्याभरानं त्यांनी धीर करून लिहिलं, "एकदा समोरा-समोर बसून बोलू या का?"

संध्याकाळी व्यापारी लाजत लाजत आला.

"लग्न ठरलं! तुमचेच उपकार. तिचं उत्तर लिहून होईपर्यंत आम्ही रोज गप्पा मारायचो ना!"

हायफनराव खुर्चीत बसले. "आणि... आजच्या चिठ्ठीचं उत्तर?"

त्यानं कागद पुढे केला. लाल शाईत एकच ओळ होती: 'समोरासमोर' हा एकच शब्द आहे, मध्ये हायफन नको.

"आणि हो," व्यापारी म्हणाला, "पत्रिका तुमच्याकडेच छापायची. फक्त ती म्हणते, प्रूफ माझं मी तपासेन!"