मागच्या सीटवर कोण आहे?

पलसाण्याला जायला पुलावरून वीस मिनिटं पुरतात. पण चंद्रकांतराव पुलावरून कधी जात नसत. चलथाणच्या अलीकडे एक रेल्वे फाटक होतं, आणि ते बंद मिळालं की बँकेतल्या या गंभीर अधिकाऱ्याचा चेहरा उजळायचा. इतर गाडीवाले कपाळाला हात लावत, हे मात्र इंजिन बंद करून खाली उतरत आणि जाणाऱ्या आगगाडीचे डबे मोजत.

त्या दिवशी भाच्याचा, सुमितचा, साखरपुडा होता. मामाने बाराच्या आत पोचायलाच हवं होतं. पुढच्या सीटवर लाडवांची परात पट्टा बांधून बसवली होती. मागे पत्नी शैलजाबाई आणि साड्यांचं भलंमोठं गाठोडं.

"आज सरळ पुलावरून," शैलजाबाईंनी बजावलं होतं.

"पुलावर फार ट्रॅफिक गं," असं म्हणत चंद्रकांतराव फाटकाकडे वळलेसुद्धा. फाटक बंद होतं. पुढे उसाची ट्रॉली. ते उतरले आणि आडव्या दांड्यापाशी जाऊन उभे राहिले.

एक्स्प्रेस धडधडत गेली. त्यांनी गार्डला हात केला, गार्डनेही हात केला, आणि ते खूश होऊन तिथेच रेंगाळले. त्यांना ओढून आणायला शैलजाबाई उतरल्या आणि ट्रॉलीच्या डाव्या बाजूने पुढे गेल्या. तेवढ्यात फाटक उघडलं. मागून हॉर्नचा कल्लोळ झाला.

"ओ काका, गाडी चलावो ने!" रिक्षावाला गुजरातीत ओरडला.

चंद्रकांतराव ट्रॉलीच्या उजव्या बाजूने धावत आले, गाडीत बसले आणि सुटले.

"गार्डने कसा हात केला, पाहिलंस?" त्यांनी मागे न बघता विचारलं. उत्तर नाही. रागावली असणार. "अगं, पाचच मिनिटं गेली." तरी उत्तर नाही. मग त्यांनी विषय बदलला, साडीचं कौतुक केलं, सासरेबुवांची आठवण काढली. तब्बल तीन किलोमीटर ते एकटेच बोलत होते. मागे शैलजाबाईंच्या पर्समधला फोन वाजू लागला.

"उचल की," ते म्हणाले.

फोन वाजतच राहिला. शेवटी त्यांनी गाडी कडेला घेतली, हात मागे घालून पर्स ओढली आणि फोन कानाला लावला.

"मी शैलजा बोलतेय," पलीकडून थंड आवाज आला. "मागच्या सीटवर कोण बसलंय, बघा जरा."

त्यांनी बघितलं. गाठोडं होतं.

ते भरधाव परत आले, तर फाटक पुन्हा बंद. आणि बरोबर मध्ये एक लांबलचक मालगाडी येऊन उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आयुष्यात पहिल्यांदा चंद्रकांतरावांना वाटलं, ही गाडी इथून जावी.

दोन माणसं पलीकडून वॅगनखाली वाकून अलीकडे आली. अशा लोकांना ते नेहमी रागावत. आज त्यांना रागवायचंही सुचलं नाही, कारण त्या दोघांच्या मागोमाग चाकांच्या पलीकडे हिरव्या साडीचा काठ दिसला. तो पुढे आला. खाली वाकला. आणि त्याच क्षणी इंजिनाने भोंगा दिला.

"शैलजा!" चंद्रकांतराव जिवाच्या आकांताने ओरडले. "मागे हो! शैलजा, गाडी सुटतेय!"

वॅगनींना हिसका बसला, साखळ्या खणखणल्या.

"अहो, मी कुठे येतेय?" पलीकडून आवाज आला. "तुम्ही आलात का ते बघत होते! चपला ओळखल्या तुमच्या!"

चंद्रकांतराव दांड्याला टेकले. पुढून एकेक वॅगन गेली. त्यांनी एकही मोजली नाही.

फाटक उघडलं, तेव्हा पलीकडे शैलजाबाई गेटकीपर बाईंच्या कोठीबाहेर खुर्चीवर बसून चहा संपवत होत्या. फोन त्यांनी या बाईंचाच वापरला होता; स्वतःचा सोडून दुसरा नंबर त्यांना पाठ नव्हता. या बाईंचं नाव सरस्वती. त्या मूळच्या दोंडाईच्याच्या, आणि शैलजाबाईंचं माहेरही तेच.

"परत ये ना माय," सरस्वतीबाई अहिराणी हेल काढत म्हणाल्या.

शैलजाबाई परात मांडीवर घेऊन पुढे बसल्या. परातीत आता सरस्वतीबाईंनी दिलेला एक स्टीलचा डबाही होता. वर्षाताईंचा, म्हणजे सुमितच्या आईचा, फोन आला: मुलीकडची मंडळी याच मालगाडीमुळे मागच्या फाटकावर अडकली होती, सावकाश या. चंद्रकांतरावांनी गाडी सुरू केली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पुन्हा या फाटकाचं नाव काढणार नाही."

"एकोणतीस वर्षांत माझ्या नावाने एवढं कधी ओरडला नव्हतात," शैलजाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. मग त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. "आणि नाव काढणार नाही म्हणजे काय? हा डबा परत कोण देणार?"

"संध्याकाळी येताना देऊ."

"रिकामा देतात का कुणी? घरी जाऊन पुरणपोळ्या करते. रविवारी येऊ." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून नवऱ्याच्या हातात दिला. "सव्वाचारला दोन इंजिनांची मालगाडी असते म्हणे. सरस्वतीने सांगितलंय, जरा आधीच या."