चंदूबाबांच्या मरणावर कोणी रडेना

खोटी बातमी पाठवायची ती एकच, तीही फक्त वांगणीच्या कमूआत्यांना, आणि काम झालं की खरं काय ते लगेच सांगून टाकायचं, असं सपनानं ठरवलं. एवढंच. चोरसुद्धा पहिल्या चोरीच्या वेळी असंच काहीतरी ठरवत असावेत.

आणि ठरवलं कोणी, तर सपनानं! सूर्यमाळच्या घरात लग्न होऊन आल्यापासून जिनं सासरच्या झाडून सगळ्या नातेवाइकांकडून ‘आधी तपासा, मग पुढे पाठवा’ हे पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं, तिनं. ठाण्याच्या एका कंपनीसाठी ती घरून सॉफ्टवेअर लिहायची (घरून म्हणजे घरामागच्या उंबराखालून, नेटची रेंज तिथंच यायची). आणि सॉफ्टवेअर कसं लिहितात हे ठाऊक असल्यामुळेच तिचा कुठल्याही यंत्रावर काडीचा भरवसा नव्हता. लिफ्टमध्ये चढताना लोकांना दोर तुटायची भीती वाटते. सपनाला वाटायचं, या बटणामागचा कोड कोणीतरी शुक्रवारी संध्याकाळी, शेवटची एसटी चुकू नये म्हणून घाईघाईत उरकला असणार. (ती स्वतः तसाच उरकायची.)

छापील गोष्टींचंही तेच. पुस्तक छापखान्यातून बाहेर पडायच्या आधीच त्याच्या पाठीवर ‘वाचकांनी डोक्यावर घेतलेले’ असं छापलेलं असतं, ते नेमकं कोणाच्या डोक्यावर, असा तिचा सवाल असे. आणि बातम्यांचं तर नावच काढायला नको.

“मशीन लिहितं, मशीन वाचतं, आणि मधल्या मधे माणूस जाहिरात बघतो,” असं ती नवऱ्याला, नीलेशला, जेवता जेवता सांगायची.

नीलेश “बरोबर” म्हणायचा. मोखाड्याला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो सगळ्यांनाच बरोबर म्हणायचा, म्हणून तर ते चालायचं.

सपनाचा नियम होता: तीन वेगवेगळ्या ठिकाणी दिसल्याशिवाय कुठलीही बातमी खरी मानायची नाही. आता इतकी संशयी बाई धीट असेल असं कोणालाही वाटेल. पण सपना कुकरच्या शिट्टीला दचकायची. पाल चुकचुकली तरी दचकायची. साहेबांचा अवेळी फोन आला की नोकरी गेली असं धरूनच उचलायची. खरं सांगायचं तर प्रत्येक वाईट गोष्टीवर तिचा आधी विश्वासच बसायचा. मग ती कष्टानं तो उठवायची.

तर त्या दिवशी, ऐन मे महिन्यात, तिचे सासरे चंदूबाबा विहिरीवरून हसत हसत घरी आले.

“काय झाला हसायला?” सासूबाईंनी, म्हणजे येसूनं विचारलं.

“काय नाय गं. ऐनाच्या झाडाखालनं येत होतो, तर कावळ्यानं टकलावर टपली मारली.”

येसूच्या हातातला तांब्या खाली पडला. (सपना दचकली.) कावळा डोक्याला शिवला म्हणजे वरून बोलावणं आलं. आणि त्यावर उतारा एकच, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला: माणूस गेला अशी खोटी बातमी जवळच्या कोणाला तरी धाडायची. ऐकणारा मनापासून रडला की वरच्याचं समाधान होतं, माणूस सुटतो. अट इतकीच की रडणाऱ्याला बातमी खोटी असल्याचं ठाऊक नसावं, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याचे डोळे ओले व्हावेत.

“आई, त्या ऐनावर घरटं आहे,” सपना म्हणाली. “पिल्लं असतील. तो कोणालाही टोचेल.”

“मग तुला का नाय टोचला? तू पण त्याच वाटेनं पाणी आणतंस.”

“माझ्या डोक्यावर हंडा असतो.”

“बघ, तुझ्या नशिबात हंडा आला. ह्यांच्या नशिबात कावळा!”

एरवी सपना एवढ्यावर थांबली नसती. पण येसूनं पडलेला तांब्याही उचलला नव्हता. तिच्या भावाला असाच कावळा शिवला होता, सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, निरोप धाडला नाही, आणि भाऊ पुढच्या भातलावणीला नव्हता. ही गोष्ट येसू कधी बोलायची नाही. आता बोलली.

“आधी माणूस चालत जायचा निरोप घेऊन,” ती म्हणाली. “आता तुझ्याकडं फोन हाय. तूच धाड, पोरी. तुझा शब्द सगळे मानतात.”

अशा रीतीनं उंबराखाली उभं राहून सपनानं लिहिलं: ‘आत्या, बाबा गेले.’ पुसलं. पुन्हा लिहिलं. पाठवू की नको करत असताना झाडावरून एक उंबर टप्पकन लॅपटॉपवर पडलं, ती दचकली आणि अंगठा लागला.

कमूआत्या चंदूबाबांच्या पाठची बहीण. आता हंबरडा फुटणार म्हणून येसू फोनला कान लावून बसली. थोड्या वेळानं आत्यांचा आवाज आला, पण भलताच खणखणीत.

“कोण रं तू मेल्या? आमच्या सपनाचा फोन चोरून माझ्या भावाला मारतोस? आमची सून असला मेसेज करायची नाय! तीन ठिकाणी दिसल्याबिगर आम्ही कोणाला मेला मानत नाय, समजला?”

पाठोपाठ आत्यांनी घरच्या ग्रुपवर सगळ्यांना कळवून टाकलं: ‘सपनाचा फोन भामट्यांनी पळवलाय. काय बी आला तरी मानू नका.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. साखरशेतच्या चुलतभावानं तर हसून लोळणारा चेहरा पाठवला.

सपनाला क्षणभर इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. (पण ते रडणं चालणार नव्हतं.)

“झाला समाधान?” येसू म्हणाली. “माझ्या माणसांचं रडणं बंद केलंस तू.”

“येसू,” वरून माळ्यावरून आवाज आला. मेलेल्यानं चारचौघांत दिसू नये म्हणून चंदूबाबांना तिथं चढवलं होतं. “मेलेल्याला चहा चालतो का?”

“गप पडून ऱ्हावा!”

संध्याकाळी नीलेश दुकान बंद करून आला, तेव्हा येसूनं नवी मागणी पुढे केली. “नुसते शब्द कोण मानतो? फोटो लाव. काळी पट्टी लाव. टीव्हीत असते तशी बातमी बनव. एवढी शिकलीस ते कशाला?”

“नाही आई,” सपना म्हणाली. “एक खोटं बोलले, ते तुमच्यासाठी. पण बातमी बनवणार नाही. उद्या ती कुठं कुठं फिरेल, मला माहीत आहे. मी याच धंद्याच्या शेजारी बसते.”

“बरोबर,” नीलेश म्हणाला.

“म्हणजे बाप गेला तरी चालेल तुला?” येसूनं त्याला विचारलं.

“तेही बरोबर,” नीलेश म्हणाला आणि भाताकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वीज गेली. लॅपटॉप मान टाकायला आलेला, म्हणून सपना जीप धरून जव्हारला गेली. तिथं तिच्या मैत्रिणीचं, रंजनाचं, झेरॉक्सचं दुकान होतं. वीज नसेल तेव्हा तिथल्या कोपऱ्यात बसून ती काम करायची. निघताना येसू तिच्याशी बोलली नाही. चंदूबाबांनी माळ्यावरून हात हलवला. तो हात तिला दिवसभर दिसत राहिला.

दुपार कलली तेव्हा मीटिंग संपली. फोन उघडला, तर समोर ‘डोंगरदणका लाईव्ह’: ‘सूर्यमाळचे ज्येष्ठ समाजसेवक चंदूबाबा काळाच्या पडद्याआड.’

सपनाच्या पायाखालची जमीन सरकली. मग तिनं स्वतःला दटावलं. हे आपल्याच मेसेजचं पिल्लू असणार. पण आपण तर नुसतं ‘बाबा गेले’ लिहिलं होतं, आणि इथं तर ‘आज सकाळी पाणी भरताना छातीत तीव्र कळ आली’ असं सविस्तर होतं. आज सकाळी! ती निघाल्यानंतर!

नियम म्हणजे नियम. तिनं दुसरं ठिकाण शोधलं. ‘कातळवार्ता’वरही तेच: तीव्र कळ. तिसरं शोधायला लागलंच नाही. निवडणुकीला उभं राहायच्या बेतात असलेल्या एका होतकरू पुढाऱ्यानं काळ्या चौकटीत भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती, त्यात बाबांचा फोटो बोटाएवढा आणि पुढाऱ्याचा तळहाताएवढा. तीन ठिकाणं झाली. बाबांना फोन लावला. बंद. आईंना लावला. बंद. नीलेशचा लागला, पण व्यस्त. पुन्हा व्यस्त. पुन्हा व्यस्त. ज्या घरात काही झालेलं नाही त्या घरातले फोन असे वागत नाहीत.

“रंजे,” ती कशीबशी म्हणाली, “खरंच गेले गं.”

खोडाळ्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये तिला दाटीवाटीनं जागा मिळाली आणि बसताक्षणी बांध फुटला. ड्रायव्हरनं गाणी बंद केली. शेजारच्या म्हातारीनं तिचा हात धरला.

“कोण गेला, बाय?”

“सासरे. काल त्यांना कावळा शिवला होता हो! आणि मी म्हटलं, घरटं आहे, पिल्लं आहेत…”

जीपमधल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

“निरोप नाय धाडला कुठं?”

“धाडला,” सपना हुंदके देत म्हणाली. “पण कोणी रडलंच नाही. मीच शिकवलंय त्यांना. तपासल्याशिवाय रडायचं नाही म्हणून!”

“असली कसली शिकवण, बाय?” म्हातारी हळहळली आणि तिनंही पदर डोळ्यांना लावला.

उतरल्यावर घरापर्यंतची चढण सपना कशी चढली ते तिचं तिलाच ठाऊक नाही. डोंगराच्या माथ्यावर सूर्य जेमतेम टेकला होता. अंगणात बाजेवर चंदूबाबा नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खात बसले होते. सपनानं त्यांना पाहिलं. ते जिवंत आहेत हे तिला दिसलं, पण एवढ्या वेगानं आलेलं रडणं काही जागच्या जागी थांबत नाही. “बाबा!” असा हंबरडा फोडून ती त्यांच्या पायाशीच कोसळली. चंदूबाबांच्या हातातली भाकरी उडाली.

“अगं, अगं! कोण गेला?” त्यांनी घाबरून विचारलं.

येसू दारात आली. तिनं सुनेकडे पाहिलं, मग डोंगराकडे.

“रडली!” ती ओरडली. “खरी खरी रडली! सूर्य अजून हाय! बघा गं, सगळ्या बघा, सूर्य हाय ना?” शेजारच्या दोघीतिघी धावत आल्या आणि त्यांनी सूर्य असल्याची ग्वाही दिली. येसूनं सपनाच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कपाळाशी नेऊन कडाकडा बोटं मोडली. मग तीही रडली. पण ते मोजण्यात धरायचं नव्हतं.

हळूहळू उलगडा झाला. नीलेशनंच सकाळी दुकानाशेजारच्या भावेशला बातमी दिली होती. तो ‘डोंगरदणका’चा मालक, संपादक आणि वार्ताहर.

“आई रात्रभर बसून होती गं,” नीलेश खाली बघत म्हणाला. “मला बघवेना. आत्याला दाखवायला एक बातमी हवी होती, बस. बाकीच्यांनी भावेशचीच उचलली.”

“आणि छातीत कळ?”

“ती भावेशनं घातली. म्हणाला, माणूस नुसताच मेला तर कोण वाचतंय?”

“तुमचा फोन का लागत नव्हता?”

“लोक सांत्वन करत होते.”

“आणि तुमचे, आई?”

“मेलेल्या माणसानं फोन उचलायचा नसतो,” येसू म्हणाली. “आणि त्याच्या बायकोला बोलायचं सुचत नसतं.”

“मग बातमी बघून आत्या तरी रडल्या का?”

नीलेशनं मान हलवली. “ती म्हणाली, तिन्ही फोटोंत कोपऱ्यात एकच शेळी हाय. एकाची दोघांनी उचललीय. खोटं हाय.”

सपनानं फोन काढून बघितलं. होती. तिन्ही ठिकाणी, तीच, कान वर केलेली.

तिनं भावेशला फोन करून बातमी काढायला सांगितली. “वहिनी, एवढी कुठलीच चालली नव्हती हो,” तो काकुळतीनं म्हणाला. “जिवंत आहेत असं टाकलं तर बघणार कोण?” शेवटी तडजोड झाली: त्यानं ‘काळाच्या पडद्याआड’पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

त्या रात्री येसू घोरली. इतकी शांत घोरली की सपनाला आपल्या नियमाचं, धंद्याचं, शेळीचं काही वाटेनासं झालं. आपण फसलो, पण सासूबाई झोपल्या. सौदा वाईट नव्हता.

सकाळी भाकऱ्या थापता थापता येसूला वांगणीहून कमूआत्यांचा फोन आला. सपना चुलीशेजारीच होती, म्हणून सगळं ऐकू येत होतं.

“येसू, ऐकलं मी, तुझी सून लई झकास रडली म्हणं. जीपमधनं आलेल्यांनी सांगितलं. अगं, इथं आमच्या शेजारच्या माघ्याला काल कावळा शिवला. त्याच्या घरात सगळे मख्ख. तुझी सून मोकळी हाय का आज?”

सपना दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होती.

“धाडते की,” येसू फोनमध्ये म्हणाली. “फक्त तिला आधी काय सांगू नका. बाकी तिचा कशावर पण विश्वास बसतो.”