पासंगाचं गाव

लोकशाहीत प्रत्येक मताचं वजन सारखं असतं. आता वजन सारखं करायचं म्हणजे तागडीत पासंग हवाच, आणि पासंग व्हायला कुणी तरी तयार हवं. इंग्लंडच्या पूर्वेकडचं पिमसे नावाचं दोनशे बारा मतदारांचं गाव हे राष्ट्रकार्य पन्नास वर्षं विनातक्रार करत आलं आहे. (तक्रारी आल्या होत्या, पण त्या चुकीच्या मतदारसंघातून आल्यामुळे धरल्या नाहीत.)

पिमसे पूर्वी वेल्डनशर परगण्यात होतं. तो परगणा सरकारने १९७४ साली रद्द केला, एक एप्रिलला. (तारीख सरकारने निवडलेली.) परगणा गेला तरी माणसं शिल्लक राहिली. अशा सुधारणांत ही त्रुटी राहतेच.

नियम साधा आहे. एका मतदारसंघात सत्तर हजारांहून कमी आणि सत्त्याहत्तर हजारांहून जास्त मतदार नकोत. कुठे दोनशे कमी पडले, की सीमा ठरवणारं मंडळ पिमसे उचलून तिकडे टाकतं. कुठे जास्त झाले, की काढून घेतं. गाव जागचं हलत नाही, त्यामुळे गावाला त्रास काही नाही. एकाच जागी बसून ते आजवर सहा मतदारसंघांत नांदलं. मधली नऊ वर्षं तर रस्त्याच्या डावीकडचे लोक एका खासदाराचे होते आणि उजवीकडचे दुसऱ्याचे. खड्डे मधोमध असल्याने ते कुणाचेच नव्हते.

हेझलबाई सेचेल यांना यातल्या कशाशीच घेणंदेणं नव्हतं. त्यांना बस हवी होती. वय बहात्तर, नजर अधू झाली तेव्हा गाडीचा परवाना त्यांनी आपणहून परत केलेला. धाकटी बहीण बेरिल नऊ मैलांवर कॉटरिज गावात, वृद्धाश्रमात. मंगळवारी आणि शुक्रवारी सदतीस नंबरची बस त्यांना तिकडे न्यायची आणि परत आणायची. ती बस सप्टेंबरअखेर बंद होणार, असं कंपनीने जाहीर केलं. 'आपल्या खासदारांचं पत्र आणल्यास फेरविचार करू,' असंही कळवलं.

आता आपला खासदार म्हणजे कोण, हा प्रश्न आला.

पहिल्या खासदारसाहेबांनी आठवड्यात उत्तर दिलं. जुलैच्या निवडणुकीपासून पिमसे शेजारच्या मतदारसंघात जात असल्याने आपण लक्ष घालणं योग्य नव्हे. (दुसऱ्याच्या मतदाराचं गाऱ्हाणं ऐकणं हा तिथल्या संसदेत परस्त्रीला पत्र लिहिण्याइतका असभ्यपणा समजला जातो. किंबहुना त्याहून जास्त. परस्त्रीला लिहिलेली पत्रं तरी अधूनमधून सापडतात.) जुलैनंतरच्या खासदारबाईंनी लिहिलं, की मंडळाच्या नव्या प्रस्तावात पिमसे पुन्हा बाहेर काढलेलं आहे, तेव्हा निकाल लागेपर्यंत मौन बरं. नव्या प्रस्तावात पिमसे ज्यांच्याकडे जाणार होतं, त्या तिसऱ्यांनी लिहिलं, "तुम्ही अद्याप माझ्या झालेल्या नाही." खाली खासदारकीचा शिक्का होता, म्हणून बरं, नाही तर पत्र कुणाच्या हाती पडलं असतं तर त्याने काय समजायचं!

"मला भेटायला यायचं तर तुला आधी खासदार शोधावा लागतो?" बेरिल फोनवर म्हणाली. "राणी झालीस की काय?"

उरला होता एकच मार्ग. नव्या प्रस्तावावर सप्टेंबरात कॉटरिजच्या सभागृहात जाहीर सुनावणी होती. कुणीही यावं, दहा मिनिटं बोलावं. हेझलबाईंनी नाव नोंदवलं.

सुनावणीच्या सकाळी बसथांब्यावर आख्खं गाव उभं होतं. पुढे नॉर्मन ऑलगुड, वेल्डनशर स्वाभिमान मंडळाचे अध्यक्ष. (जन्म बर्मिंगहॅमचा, स्वाभिमान निवृत्तीनंतर घेतलेला.)

"हेझल, तूही बोलणार म्हणे?"

"हो. बसबद्दल."

"बस?" नॉर्मनने शिवी ऐकल्यासारखं तोंड केलं. "अगं, नव्या मतदारसंघाचं नाव काय ठेवतायत माहितेय? 'लँगफर्ड आणि मध्य कॉटरिज'! वेल्डनशर कुठंय त्यात? सांग ना, कुठंय? इथे आपलं नाव पुसतायत आणि तुला बसचं पडलंय. बस काय, येते आणि जाते."

"येणार नाही म्हणूनच तर चाललेय ना, नॉर्मन!"

तेवढ्यात सदतीस नंबर आली. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती भरली. ड्रायव्हरने विचारलं, "कोण वारलं?"

सभागृहात पिमसेचे एक्केचाळीस वक्ते झाले. बेचाळिसाव्या हेझलबाई. कंपनीचं पत्र, खासदारांची तीन उत्तरं, बेरिलचा फोटो, असं सगळं त्यांनी मांडून ठेवलं. सुनावणीच्या अध्यक्षबाई फार मऊ आवाजात म्हणाल्या, "सीमेबद्दल बोलणार की नावाबद्दल? बस आमच्या कक्षेत येत नाही हो."

हेझलबाईंनी मागे पाहिलं. आख्खं गाव त्यांच्याकडे बघत होतं. बहात्तर वर्षांत त्यांच्या बोलण्याची एवढ्या लोकांनी वाट पाहिली नव्हती.

"मग... नावाबद्दल," त्या म्हणाल्या. "माझी आई वेल्डनशरात जन्मली आणि वेल्डनशरातच गेली. मधे कधी कुठे गेली नाही, कारण बस नव्हती."

टाळ्या थांबेनात. नॉर्मन रडला. (शेवटचे तीन शब्द कक्षेबाहेरचे म्हणून इतिवृत्तातून वगळण्यात आले.) हेझलबाईंनी कागद गोळा केले आणि उरलेली नऊ मिनिटं स्वाभिमान मंडळाला देऊन टाकली.

निकाल लागला. जनभावनेचा आदर करून मतदारसंघाचं नाव 'वेल्डनशर पूर्व' ठेवण्यात आलं. मात्र आकडे जुळवण्यासाठी पिमसे त्यातून वगळून शेजारी देण्यात आलं. गावाने केक कापला. 'वेल्डनशर पूर्व' ही पाटी गावाबाहेर तीनशे पावलांवर, पलीकडच्या हद्दीत लागली. बस बंद झाल्याने तिथल्या बसथांब्याचा खांब पाटीसाठी रिकामाच होता. पिमसेतून ती पाटी स्वच्छ वाचता येते.

शुक्रवारी बेरिलचा फोन आला.

"जिंकलो गं आपण," हेझलबाई म्हणाल्या.

"बरं झालं. येतेस कधी?"

हेझलबाईंनी फोनशेजारचं सदतीस नंबरचं वेळापत्रक उलटं करून ठेवलं.

आता वाचकाला या लोकांचं हसू येत असेल, थोडी कीवही येत असेल. येऊ द्यावी. फक्त त्याआधी आपल्या वॉर्डातून दवाखान्याकडे जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते, ते आठवून पाहावं. नाही आठवत? काही हरकत नाही. मग आपल्या शहराच्या नावावरून आपण शेवटचं कुणाशी भांडलो, ते आठवावं.

बघा, तारीख-वारासकट आठवलं.