व्यंकटरावांची फळी

अगे, अशी जवळ ये. उंबऱ्याशी काय उभी? राजवाडा बघायला येतेस, आणि मागच्या गल्लीतलं माझं घर दिसत नाही होय तुला?

समोरच्या व्यंकटरावांना भेटलीस? भेटलीस तरी ते तुझ्याकडे बघायचे नाहीत. तू बसलेल्या खुर्चीचा हात बघतील आणि म्हणतील, "चमक आहे, खोली नाही."

पोस्टातून रिटायर झाले, बायको आधीच गेली. आता सगळा जीव एका फणसाच्या फळीत. लेक पद्मा लग्नात ज्या ऊंजलवर, म्हणजे झोपाळ्यावर बसली, त्याचीच ती. "पॉलिश करतो, मग बेंगळूरला ने," म्हणाले, आणि लागले कामाला. लेकीच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली!

चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटात विरघळवायचा, जुन्या धोतराच्या बोळ्यानं हलका लावायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा लावायचा. मला सांगतात, "जाड हात मारला की काकवी सांडल्यासारखं दिसतं, अक्का. पातळ थर चढले, तर लाकडातल्या रेषा पाण्याखाली गेल्यागत दिसतात. बोट लावू नका, डोळा बुडवा!"

पावसात फळी पांढुरकी पडली की माणूस रडेल. हे खूश! सगळं उतरवून पहिल्यापासून सुरू.

मी म्हटलं, "राव, आता तयार वार्निश मिळतं. केबलवर रोज दाखवतात."

"केबलवर लाडूही दाखवतात. पोट भरतं?"

पद्मा सुट्टीला फळी न्यायला यायची, चार दिवस राहायची, आणि निघताना हे म्हणायचे, "थोडं राहिलंय. पुढच्या खेपेला ने."

परवा मात्र जावई व्हॅन घेऊनच आले. "मामा, आज नेतोच." ड्रायव्हर दोर सोडायला लागला. फळी खिडकीशी उभी होती. मान हलवली की आतल्या रेषा हलायच्या, अशी झाली होती. नाही म्हणायला काही उरलंच नव्हतं. व्यंकटराव पुसलेली फळीच परत परत पुसत होते.

पद्मा वाकली. बराच वेळ बघत राहिली. फळीत बापाचा चेहरा दिसत होता, मलासुद्धा दिसला.

"अप्पा," ती म्हणाली, "ह्या कोपऱ्यातल्या रेषा वरच तरंगतायत."

जावई डोळे बारीक करून म्हणाले, "कुठं? मला तर..."

"तुम्हाला नाही कळायचं. दिवाळीला येते, तेव्हा बघू."

व्हॅन फळीऐवजी नारळ भरून गेली. व्यंकटराव माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरीला नजर आहे, अक्का!" आणि डोळे पुसायच्या आधी चपडा भिजत घातला.

तुला बोलवायला माझ्याकडे फळीबिळी काही नाही गे. पुन्हा तशीच ये. लवकर ये.