पुलाच्या भाषणाची चोरी

हेरसाहेबांचं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही बाजूंनी छापलेलं होतं, कारण एका बाजूत ते स्वतः मावत नसत. पुढच्या बाजूला ‘गुन्हेगारांचे कर्दनकाळ, आंतरराष्ट्रीय कीर्तीचे (लवकरच) गुप्तहेर’ आणि मागे ‘सूक्ष्म निरीक्षण, अचूक निष्कर्ष, दुपारी दोन ते चार बंद’. गुप्तहेराने असं कार्ड वाटत फिरू नये, हे मेव्हण्याने एकदा सुचवून पाहिलं होतं. त्यावर त्याला ‘तुला धंदा कळत नाही’ असं उत्तर मिळालं. मेव्हणा म्हणजे साहेबांच्या बायकोचा भाऊ आणि ऑफिसातला एकुलता एक मदतनीस. बिचारा घरी आणि दारी, दोन्हीकडे अडकलेला. आजवर तीन प्रकरणं सुटली होती आणि तिन्हींमध्ये हरवलेली वस्तू आपसूक सापडली होती. हेरसाहेबांच्या मते, त्यांच्या दराऱ्यामुळे.

त्या दिवशी सकाळी चक्क आमदार स्वतः जिना चढून आले. घाम पुसत त्यांनी सांगितलं की त्यांचं भाषण चोरीला गेलंय.

भाषण म्हणजे ते सुप्रसिद्ध पुलाचं भाषण. तीन वेळा निवडून आलेल्या आमदारांनी सभागृहात केलेलं एकमेव भाषण, अकरा वर्षांपूर्वीचं, चाळीस मिनिटांचं. ओढ्यावर पूल व्हावा म्हणून त्यांनी सभागृह कसं दणाणून सोडलं, हे ते लग्नाकार्यात, दुकानांच्या उद्घाटनात, अगदी दातांच्या दवाखान्यातही सांगत. आता पक्षाने नवा नियम काढला होता: जो आमदार सभागृहात एकदाही बोलला नाही, त्याला पुन्हा तिकीट नाही. संध्याकाळी पाच वाजता पक्षाच्या निरीक्षकबाई घरी येणार होत्या आणि त्यांना भाषणाची छापील नोंद हवी होती. आमदारांनी नोंद मागवली, तर नोंदच नव्हती. पाचच्या आत ती सापडली नाही, तर पंधरा वर्षांच्या कारकिर्दीचा बाजार उठणार होता.

हेरसाहेब मेव्हण्याला घेऊन थेट विधानसभेच्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल हा मिताहारी चेहऱ्याचा माणूस. त्याने त्या दिवसाच्या कामकाजाचा जाडजूड खंड टेबलावर ठेवला आणि आपल्या कामाला लागला. साहेबांनी आधी खंडाचा वास घेतला. मग जाहीर केलं की विरोधकांनी पानं फाडलीत. मेव्हण्याने पानांचे आकडे मोजले, तर एकही पान गायब नव्हतं. मग साहेबांचा संशय लघुलेखकांवर गेला, की त्यांना कुणीतरी फोडलं. ग्रंथपालाने मान वर न करता सांगितलं की लघुलेखक दर पाच मिनिटांनी बदलतात, म्हणजे चाळीस मिनिटांसाठी आठ जण फोडावे लागतील, आणि त्या आठ जणांचं तर साध्या पंख्याच्या वेगावरसुद्धा एकमत होत नाही.

“मग वाळवी,” साहेब म्हणाले. “सत्ताधाऱ्यांनी शिकवलेली.”

मेव्हण्याला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. आपल्या ताईने या माणसात काय पाहिलं असेल, हा प्रश्न त्याला पडला. तो वर्षातून साधारण तीनशे दिवस पडे.

तेवढ्यात त्याची नजर नोंदीवर गेली. ‘अकरा वाजता कामकाज सुरू. अकरा वाजून चार मिनिटांनी गोंधळ. अकरा वाजून सहा मिनिटांनी सभागृह दिवसभरासाठी तहकूब.’ त्याने ते साहेबांना दाखवलं. साहेबांनी कपाळावर बोट टेकवलं, डोळे मिटले आणि म्हणाले की हा साधासुधा कट नाही, इथे कुणीतरी घड्याळच चोरलंय. सहा मिनिटांत चाळीस मिनिटांचं भाषण बसलंच कसं, याचा विचार करत ते परतीच्या वाटेवर दोनदा चुकीच्या गल्लीत शिरले.

पाचला दहा कमी असताना दोघं आमदारांच्या घरी पोचले. निरीक्षकबाई आधीच येऊन सोफ्यावर बसल्या होत्या, मांडीवर फाइल, हातात चहा. आमदारांचा चेहरा पडलेला. वहिनी, म्हणजे आमदारांच्या पत्नी, कोपऱ्यात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हेरसाहेबांनी घड्याळाच्या चोरीचा सिद्धांत सविस्तर मांडला. निरीक्षकबाईंनी तो जराही न लिहिता ऐकला.

वहिनींनी तारीख विचारली. मेव्हण्याने सांगितली. त्यांनी उशीचा अभ्रा झटकला.

“अहो, त्या दिवशी तर सभागृह बंद पडलं होतं ना? पंख्याखालच्या खुर्चीवरून तुम्हीच भांडलात म्हणून. बाराला घरी आलात तणतणत. मग आम्हाला सगळ्यांना इथे बसवलंत, सासूबाईंना, मला, भिंती रंगवायला आलेल्या त्या दोघांना, आणि भाषण इथेच केलंत. चाळीस मिनिटं. रंगारी म्हणाले, रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत ऐकतो.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. आमदार मटकन खाली बसले. त्यांना खरंच आठवत होतं ते टाळ्यांनी भरलेलं सभागृह, आणि ते कधी नव्हतंच. लाजेने त्यांचे कान लाल झाले.

“म्हणजे मी बोललोच नाही?” त्यांनी विचारलं.

“बोललात की,” वहिनी म्हणाल्या. “चांगलं बोललात.”

तेव्हा आमदार इरेला पेटले. म्हणाले, आत्ता करून दाखवतो. उठले, खाकरले आणि सुरू झाले. तिसऱ्या वाक्याला अडले. वहिनींनी मागून शब्द पुरवला. पुढे पुन्हा अडले, वहिनींनी पुन्हा पुरवला. दप्तर डोक्यावर घेऊन ओढा ओलांडणाऱ्या मुलींपर्यंत भाषण पोचलं, तेव्हा आमदार कधीच खाली बसले होते आणि वहिनी हातात अर्धवट घडीचा टॉवेल घेऊन बोलत होत्या. आकडे, तारखा, वाहून गेलेल्या म्हशी, सगळं तोंडपाठ. अकरा वर्षं नवऱ्याकडून ऐकून ऐकून झालेलं, आणि मधल्या चुका परस्पर दुरुस्त केलेलं. निरीक्षकबाईंनी कप खाली ठेवला आणि फाइल उघडली.

“ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा,” त्या म्हणाल्या.

हेरसाहेबांनी बाहेर पडताच सांगितलं की वहिनींवर त्यांचा पहिल्यापासून संशय होता.

तिकीट वहिनींना मिळालं आणि त्या निवडूनही आल्या. सभागृहातल्या पहिल्या भाषणाला आमदार, आता माजी, प्रेक्षक सज्जात बसले होते, शेजारी हेरसाहेब आणि मेव्हणा. सज्जात आवाज करायला सक्त मनाई असते. वहिनी चाळीस मिनिटं बोलल्या, मंत्री उठले आणि पूल मंजूर झाल्याचं त्यांनी जागीच सांगितलं. माजी आमदारांना राहवलं नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि उभं राहून त्यांनी अशा टाळ्या पिटल्या की दोन शिपायांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

आठवड्याभराने छापील कामकाज आलं. भाषणाच्या शेवटी कंसात नोंद होती: सज्जात टाळ्या वाजवल्यामुळे माजी सदस्यांना बाहेर नेण्यात आले. पुढे त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्या पानाची प्रत ते आता खिशातच ठेवतात आणि कुणी पुलाचा विषय काढला, की आपलं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवतात.